चढावरचे थांबे

कागदाचा एक कोपरा सुटला होता, आणि बाबा तो अंगठ्याने फलकावर दाबत उभे होते — काळ्या चौकटीतलं नाव, वय, अंत्यविधीची वेळ, सगळं सावकाश वाचत... "एक्याण्णव! बघ ओर्नेल्ला, माझी पाळी यायला अजून अवकाश आहे." खालच्या वेशीपासून चौकापर्यंतच्या चढावर असे तीन फलक, तिन्हींवर तीच मेलेली माणसं, तरी बाबा प्रत्येकापाशी थांबत, तीच नावं पहिल्यांदाच भेटल्यासारखी वाचत, आणि कोटाच्या आत त्यांची पाठ वरखाली होत राही. ती शेजारी उभी राहून दरीतल्या ऑलिव्हच्या झाडांकडे बघे — त्यांचं वाचन संपेपर्यंत. दम म्हणायचं नाही, वाचन म्हणायचं; दोघांत न बोलताच ठरलेलं. चौकात त्यांनी कॉफी घेतली, पत्त्यांत जिंकले, शीळ घालत घरी उतरले. तो मंगळवार.

गुरुवारी सकाळी त्याच फलकांवर फुल्जेन्त्सिओ आन्सेल्मी.

दुसऱ्या फलकापाशी आर्जियामावशी कागदाला नाक लावून उभ्या होत्या. लेकीच्या गावाहून आत्ताच परतलेल्या. "हा फुल्जेन्त्सिओ कोण गं? एवढं लांबलचक नाव घेऊन आपल्यात कोण राहत होतं?"

"बाबा."

"मेर्लो?" मावशींचा हात कपाळाकडून छातीकडे गेला, क्रूस पुरता होईना. "अगं पोरी, मग अख्खं गाव म्हणतं ते मेर्लो लिहायचं ना! नाहीतर उद्या चर्चमध्ये पाद्री आणि तू, दोघंच बसाल."

छापखान्यात ते नाव तिला आठवलं नव्हतं असं नाही. शीळ घालणाऱ्या काळ्या पाखराचं नाव... मरणाच्या कागदावर कसं शोभेल, असं वाटलं होतं. मावशींच्या पेनाने तिने ते कंसात लिहिलं.

"चालताफिरता गेला, हेच खरं," मावशी तिचा दंड धरून म्हणाल्या. "बकरीसारखा चढायचा हा चढ!"

"हो," ओर्नेल्ला म्हणाली. म्हणजे गावाला पटलं होतं... दोघांनी मिळून पटवलं होतं.

तिसऱ्या फलकाकडे जाताना तिच्या लक्षात आलं, की ती आत्ताही अर्धं पाऊल मागून चालते आहे — कुणाला तरी पुढे राहू देत. तिथेही नाव लिहून झालं. पाय मात्र निघेनात. समोरच्या खिडकीत कुणीतरी चादर झटकत होतं. त्याला ऐकू जाईल हे कळूनही तिने आवाज दाबला नाही.

"दम लागलाय तुम्हाला, बाबा. बसा ना थोडं. मला कुठेही जायचं नाहीये."