डाव्या बाजूची खंजिरी

मुलगी सासरी निघाली की तिला ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणतात. माझ्या आईनं ते मला म्हटलं. जिवतीच्या डोंगरातून मी घरजावई म्हणून नागभीडजवळच्या या गावात आलो, तेव्हा बरोबर एक बॅग होती आणि एक जुना लॅपटॉप. मयुरी आईबापाची एकुलती एक. तिच्या वडिलांना, लटारू मामाजींना, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, पाहायला हक्काचा माणूस हवा होता. आम्ही चार भाऊ, त्यामुळे आमच्या घरात माणसं उरली होती. सौदा दोन्हीकडून सोयीचा होता, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

घरजावयाचं दुःख सांगायची सोय नाही. दोन वेळा आयतं ताट, वर ‘जवाईबापू’ म्हणून मान, आणि तरीही तोंड वाकडं? लोक हसतील. पण लग्नाआधी मी नाटकांना साउंड लावत फिरायचो. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई म्हणजे एका दिवसाचा मेळा भरतो, रात्री नाटकं होतात, आणि होळीपर्यंत साउंडवाल्याला जेवायला फुरसत नसते. वडशाचे इसरूभाऊ यांची नाटक कंपनी आहे. त्यांनी मला कायमचा ये म्हटलं होतं, मयुरीसाठी खोलीसुद्धा बघून ठेवली होती. मला जायचं होतं. मयुरीला माझ्याहून जास्त जायचं होतं, कारण ‘नवऱ्याले बांधून आणलं’ हे ती रोज विहिरीवर ऐकायची.

पोळ्याच्या दिवशी जेवताना मी विषय काढला. या घरात जावयाचा पाट सासऱ्याच्या डाव्या हाताला, मानाचा. मी खाली मान घालून हळूच म्हटलं, “मामाजी, मी वडशाले जाऊ म्हनतो. सीझनभर.” मामाजींनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, खाल्ला, आणि सासूबाईंना म्हणाले, “गुणा, कढी आन.” बस. आता मोठ्या माणसानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं म्हणजे ते ‘नाही’ असतं, आणि जावयानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची नसते. विचारली तर जावई हट्टाला पेटला म्हणतात. मी पोळी गिळली. दाराआडून मयुरीनं सगळं पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतंच बोलू लागली.

आठवड्याभरानं मामाजी नागभीडच्या बाजारातून आले ते हातात हेडफोन घेऊन. मोठे, काळे, कान पूर्ण झाकणारे. “जवाईबापू, आमच्या मंडळाचे भजन तुमीच बनवा. मंडईले मोबाईलवर सोडू.” मामाजी भजनी मंडळाचे मुख्य गायक. आवाज असा की बांधीवरून हाक मारली तर तलावापलीकडचा ढिवर जाळं सोडून वर बघतो. मी हेडफोन घेतला, हसलो, आणि मनात म्हटलं, झालं. पळणाऱ्या ढोराच्या गळ्यात लोढणं बांधतात तसं हे बांधलं. साउंडच करायचा ना? घरात बसून कर.

पोत्यांच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं, कारण चारी बाजूंनी तांदळाची पोती असली की आवाज घुमत नाही. मामाजींचा आवाज मधे ठेवला, कोलूभाऊंची खंजिरी डाव्या कानात, टाळ उजव्या. मग ऐकायला बसलो तर सगळं भजन उजवीकडे कललेलं. मधला आवाजसुद्धा उजव्या कानाला चिकटलेला. हेडफोन काढून उलटा घातला, म्हणजे डावा कप उजव्या कानावर. आता आवाज डाव्या कानाकडे गेला. म्हणजे कान माझे ठीक, खोट हेडफोनात.

पण हे सांगायचं कुणाला? धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं कुणी म्हणालं असतं. सासऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू, आणि जावई म्हणतो डावी बाजू खराब आहे! ब्रशनं जाळी साफ केली, लॅपटॉपमध्ये डावी-उजवी बरोबर आहे ना पाहिलं, वायर वाकवून पाहिली. पिनेपाशी वायर दाबली की डावी बाजू जागी व्हायची, सोडली की मरायची. शेवटी ‘खत पाहून येतो’ अशी थाप मारून मी हेडफोन शर्टाच्या आत लपवला आणि नागभीडला स्वप्निलच्या मोबाईल दुकानात गेलो. त्यानं वायर कापून नवी पिन झाळली. चोरी केल्यासारखा मी घरी परतलो. पुन्हा ऐकलं, पुन्हा उलटा घालून ऐकलं. आवाज जागचा हलला नाही, बरोबर मधोमध.

त्या दुपारी मामाजींना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण भजन ऐकलं, आणि म्हणाले, “खंजिरी दबून राह्यली.”

मी खंजिरी वाढवली. दुसऱ्या दिवशी, “अजून थोडी.” अजून वाढवली. “डावीकडे काईच नाई, जवाईबापू.” रोज दुपारी हाच खेळ. भातकापणी तोंडावर आली, विळ्यांना धार लावून झाली, आणि मी तांदळाच्या पोत्यांत बसून एकच भजन उगाळत होतो. मला स्वच्छ वाटायला लागलं की हा माणूस मुद्दाम करतोय. हे भजन कधी पुरंच होऊ द्यायचं नाही, म्हणजे जावई कुठे जायला नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रागानं भरलेलं ताट मी त्यांच्याच शेजारी बसून संपवायचो.

एकदा मंडळाच्या आग्रहावरून ते भजन मारुतीच्या देवळात दोन बॉक्सवर लावलं. खंजिरी अशी कडाडली की बाहेर झोपलेली कुत्री उठून गेली. कोलूभाऊ फुलून गेले. पत्रू टाळवाला म्हणाला, “वा जवाई! सासऱ्याले गाडला न् कोलूले वर काढला!” सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. ते त्या डाव्या बॉक्सकडे तोंड वळवून उभे राहिले, मग पूर्ण फिरले, आणि घरी निघून गेले.

संध्याकाळी इसरूभाऊंचा फोन आला. “प्रवीण, धनतेरसले ये. नाई तं मी दुसरा पोट्टा पाहतो.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ठरवून बसलो. आज या माणसाची खोड उघडी पाडायची. खंजिरी पुन्हा पहिल्यासारखी बेताची केली आणि मामाजींच्या कानावर हेडफोन चढवला.

“खंजिरी दबली,” मामाजी.

“बरं. आता हाच उलटा घाला,” मी समोरून हातानं खूण करत म्हटलं.

त्यांनी निमूट उलटा घातला. तेच भजन लावलं. मामाजींचा चेहरा उजळला. “आता कशी बरोबर आली खंजिरी! हे पयलेच काऊन नाई केलं?” आणि मग थांबून, कपाळाला आठी घालून, “पन टाळ कुठी गेले?”

टाळ कुठेच गेले नव्हते. ते आता त्यांच्या डाव्या कानात वाजत होते.

मी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन उतरवला. डावीकडे बसून, रोज जेवताना बोलतो त्याच दबक्या आवाजात म्हटलं, “मामाजी.” ते समोरच्या पोत्याकडे बघत राहिले. पुन्हा म्हटलं. काही नाही. माझ्या अंगातला सगळा राग एकदम गळून गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला कळेना. पोळ्याला मला कुणी नाही म्हटलंच नव्हतं. मी जे बोललो ते कुणापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी उठून त्यांच्या उजवीकडे बसलो.

“डाव्यानं कधीपासून ऐकू येत नाई?”

मामाजींनी पोत्याच्या सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मागच्या उन्हायापासून. चंद्रपूरले दाखवलं. नस गेली म्हनते. मशीन लावा म्हने.” मग हळूच, “हा हेडफोन कानाले चिकटून रायते नं. मले वाटलं, यानं तरी येईन. तुमी रोज वाढवत होते तं मले वाटे, आज येईन, उद्या येईन.”

मी हेडफोनची वायर गुंडाळली. पण धनतेरस जवळ होती आणि मी उजवीकडे बसलो होतो. मी म्हटलं, “मामाजी, मले वडशाले जाच आहे. मयुरीले घेऊन.”

त्यांनी पूर्ण ऐकलं. “हे पयले काऊन नाई बोलले?”

“बोललो होतो. पोळ्याले. जेवताना.”

एकदम हसू फुटलं त्यांना. “म्हनून तोंड फुगवून बसले होते का? आन मी म्हनो, जवाई गर्विष्ठ हाय, सासऱ्यासंग बोलतच नाई! अरे बापा, तवा ऐकू आलं असतं तं मी हासत पाठवलं असतं. धान कापाले मानसं भेटते.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. “मंग जाऊ?”

हसू तसंच हळूहळू विझलं.

“आता कसे जाता?” मामाजी म्हणाले. “आता तुमाले माईत झालं. कोलूचा हात मले ऐकू येत नाई, प्रवीण. अंदाजानं गातो. काल देवळात पाह्यलं नं, त्याले तेच पाह्यजे. मशीन लावून बसलो तं दुसऱ्या दिवशी माह्या जागेवर तो बसते. तुमी डावीकडे बसा. माह्या मांडीवर ठेका द्या, कोनाले दिसनार नाई. आन कोनाले सांगू नका. गुणाले नाई, मयुरीले तं अजिबात नाई. पोट्टी रडन, न् गावभर होईन.”

“मंडईपर्यंत?”

“मंडईपर्यंत म्हना,” ते म्हणाले. पण दोघांनाही ठाऊक होतं की मंडईनंतर सप्ताह असतो, सप्ताहानंतर जत्रा, आणि नस काही परत येत नसते. मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. लग्नात हीच माणसं जावयाचे पाय धुतात, तेव्हा आपण पाय पुढे करतो. या जोडलेल्या हातांपुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ते धरून खाली केले आणि हो म्हटलं.

आतल्या खोलीत मयुरी बॅग भरत होती. बापाला आणि नवऱ्याला इतका वेळ एकमेकांशी बोलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं, त्यातूनच तिनं काय ते ओळखलं होतं. “का म्हटलं बाबानं? हो म्हटलं नं?”

“मी विचारलंच नाई,” मी म्हटलं.

“मंग इतका वेळ का करत होते?”

“भजनाचं बोलत होतो. मले नाई जाच, मयुरी. पोळ्याले बी मी मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोललो होतो, त्याइले ऐकू जाऊ नये म्हनून. इथंच बरं हाय.”

तिनं हातातली साडी बॅगेवर टाकली. “म्हनजे बाबानं कधी अडवलंच नाई तुमाले? दोन मयने मी त्याइच्यासंग नीट बोलली नाई. त्याइचं ताट आपटून ठेवलं मी. कोनासाठी?” तिनं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. “लावा इसरूभाऊले. माह्यासमोर सांगा. स्पीकरवर.”

मी फोन लावला.

“येत नाई भाऊ,” मी म्हटलं.

“काऊन रे? सासऱ्यानं अडवलं का? तसं सांग, मी येतो बोलाले. लटारूभाऊ ऐकते माह्यं.”

मयुरी समोर उभी होती. ओसरीवर मामाजी घसा साफ करत होते. इसरूभाऊ खरंच आले असते, तसा माणूस आहे तो.

“नाई भाऊ, त्याइनं नाई अडवलं,” मी म्हटलं. “माह्यंच मन नाई.”

फोन मयुरीनंच बंद केला. बॅगेतले माझे कपडे काढून खुंटीवर टाकले, स्वतःचे पेटीत ठेवले, आणि बापासाठी चहा टाकायला निघून गेली.