शिकवलेली हाक

शांभवीने दुसऱ्यांदा बेल दाबली आणि कान दाराला लावला. आत कमलाक्षी दबक्या आवाजात, तमिळमध्ये, छोट्या कीर्तनाला काहीतरी पढवत होती.

"आली बघ. सांगितलंय तसंच म्हणायचं. म्हणशील ना?"

झालं! शांभवीच्या मनात पाल चुकचुकली. आपण ओरत्तनाडूहून बसचे धक्के खात तंजावूर गाठायचं, आणि इथे पोरीला पढवून ठेवलेलं!

पाच वर्षांपूर्वी, लग्नाआधी झालेली ही लेक तिने आपल्या थोरल्या चुलतबहिणीला, कमलाक्षीला, दत्तक दिली होती. तेव्हाच ठरलं होतं, महिन्याला एक भेट आणि पोरीपासून काही लपवायचं नाही. कमलाक्षीने मान डोलावली होती. पण मान काय, तंजावूरची बाहुलीसुद्धा डोलावते! त्यात या दोघी बहिणी तंजावूरकडच्या मराठी, पण कमलाक्षीचा नवरा मुरलीकृष्ण तमिळ, घरात मराठीचं नाव नाही. पोर शांभवीला अजून कुठलीच हाक मारत नसे. पाणी इथेच मुरतंय, असं शांभवीला पक्कं वाटे. उद्या 'चित्ती' म्हणायला शिकवतील, म्हणजे आपण जन्मभराची मावशी. संपलंच मग.

दार उघडलं.

"ये गं. ऊन केवढं आहे," कमलाक्षी म्हणाली, पण नजर चुकवून.

"दार उघडायला बराच वेळ लागला, अक्का."

"ही तयार होत होती."

"कशासाठी?"

कमलाक्षीने कीर्तनाला हलकेच पुढे केलं. शांभवीने पोरीसाठी आणलेला चंद्रकला मिठाईचा डबा छातीशी घट्ट धरला. आता म्हणणार. चित्तीच म्हणणार.

"या, आई," कीर्तना म्हणाली.

डबा हातातून निसटता निसटता राहिला.

पोर तिच्याकडे निरखून बघत होती. मग तमिळमध्ये तिने विचारलं, "आई म्हणजे काय? अम्माला विचारलं तर म्हणते, ते तुम्हीच सांगणार. तुमचं नाव आहे का?"

शांभवीने वर पाहिलं. कमलाक्षी चौकटीला धरून उभी होती. या वेळी तिने नजर चुकवली नाही.

काही लपवायचं नाही, ही अट शांभवीचीच होती.

ती खाली बसली. पोरीच्या केसांवरून तिने हात फिरवला.

"हो," ती म्हणाली. "नावच आहे माझं. परत एकदा हाक मार बघू."