रिकाम्या तळावरचे निरोप

माझ्या मुलाचे निरोप वेळेवर यायला लागले, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

हा मुलगा जन्माला आला तोही उशिरा. शाळेत उशिरा, परीक्षेला उशिरा. फोनवर निरोप पाठवायचा तो अर्धवट, म्हणजे नुसतं "आई तो डबा", आणि डब्याचं काय ते कळायचं दुसऱ्या दिवशी. आता मात्र रोज सकाळी, माझा चहा होतो न होतो तोच, स्वल्पविरामासकट: "शुभ सकाळ आई, झोप नीट झाली ना? गुडघा कसा आहे?" माझ्या गुडघ्याची चौकशी त्याने उभ्या जन्मात केली नव्हती.

धाकट्या बहिणीला सांगितलं तर ती हसली. "ताई, लोकांची मुलं चौकशी करत नाहीत म्हणून लोक रडतात. तुझा करतो म्हणून तू रडतेस. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं."

दिसतं खरं. पण माझी कावीळ पगारी होती. तरुणपणी मी लष्कराच्या एका कचेरीत होते, शत्रूचे बिनतारी निरोप चोरून ऐकणाऱ्या. निरोप आकड्यांच्या सांकेतिक भाषेत यायचे. ती भाषा फोडायचं काम शेजारच्या खोलीतल्या हुशार मंडळींचं. ती दिवसभर डोकं धरून बसायची. आमच्या खोलीला त्यातलं अक्षर कळत नसे, आणि कळायची गरजही नव्हती. कोण कोणाशी बोललं, कधी, किती वेळ, एवढंच आम्ही कार्डांना भोकं पाडून नोंदवायचो. पुढे ती कार्डं गिळणारं यंत्र आलं, अख्खी खोली व्यापणारं, आणि आम्ही त्याला भरवायला लागलो. पण माझी सगळ्यात मोठी शिकार त्याच्या आधीची. एका तळावरचे निरोप एकाएकी शिस्तीत यायला लागले, ठरल्या वेळी, ठरल्या लांबीचे. मी साहेबांना म्हटलं, तिथे आता कोणी नाही. एका माणसाला मागे ठेवलंय, तो काहीबाही पाठवत बसलाय, आणि सैन्य केव्हाच उठून गेलंय. तसंच निघालं.

ही गोष्ट लहानपणी मुलाला इतकी आवडायची की त्याशिवाय घास उतरत नसे. आता तो परगावी असतो आणि कॉम्प्युटरला माणसासारखं लिहायला शिकवतो. चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात तशातली गत.

गेल्या खेपेला आला तेव्हा आमचं वाजलं होतं. मी फक्त एवढंच विचारलं होतं, की ज्याचा फोन तू दर वेळी बाहेर जाऊन घेतोस, तो कोण? तर म्हणाला, "आई, मी तुझा मुलगा आहे. शत्रूचं ठाणं नाही." आणि बॅग उचलून गेला. त्यानंतर फोन लावला की उचलायचा नाही. लगेच निरोप यायचा: "मीटिंगमध्ये आहे आई, नंतर बोलतो."

मला एकच जाणून घ्यायचं होतं. हे सगळं तो लिहितो, की त्याचं यंत्र? तो लिहीत असेल तर रुसवा गेला, मिटलं. यंत्र लिहीत असेल तर मुलगा मला सोडून गेलाय, आणि मला पत्ताही लागू नये अशी सोय लावून गेलाय.

म्हणून मी जाळं टाकलं. लिहिलं, "तुझी जुनी निळी सायकल आज भंगारात दिली."

आमच्याकडे सायकल कधीच नव्हती. शेजाऱ्यांच्या सायकलवरून एकदा तोंडावर आपटला, तेव्हापासून त्याने सायकलचं नाव टाकलं होतं.

उत्तर आलं, "अरेरे! खूप आठवणी होत्या गं त्या सायकलच्या. पण जागा मोकळी झाली, हेही छान झालं."

मला हसू आलं. पण दुपारी मी जेवले नाही.

मग मी लिहिणंच बंद केलं. एखादं ठाणं गप्प झालं की ऐकणाऱ्या माणसाची झोप उडते. यंत्राची उडत नाही. त्याचं आपलं चालूच होतं: "छान! काळजी घे." मी काही लिहिलेलंच नव्हतं, तर छान काय? आठवडा गेला. बहीण म्हणाली, कशाला स्वतःचा जीव टांगणीला लावतेस? मी तिलाही नीट उत्तर दिलं नाही.

एके दिवशी दोरीवर कपडे वाळत घालत होते, आणि फोन वाजला. निरोप नव्हे, फोन.

"आई? अगं काय झालंय तुला? मी आत्ता बघतोय, इतके दिवस तू काहीच... मावशी पण नीट सांगत नाही. बरी आहेस ना?"

त्याला धाप लागली होती. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. वाक्य अर्धं तुटलेलं, अगदी त्याच्यासारखं. "बरी आहे रे, ये ना एकदा," एवढंच म्हणायचं होतं. पण आवाजही हुबेहूब बनवता येतो, हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

"लहानपणी ताप आला," मी विचारलं, "की तू माझ्याकडे काय मागायचास?"

त्याचा आवाज चढला.

"आई, तू माझी परीक्षा घेतेयस?"

"सांग ना."

"मी इथे रस्त्यात उभा राहून..." एवढं बोलून तो थांबला. मग फोन बंद झाला.

तोच होता. यंत्राने उत्तर दिलं असतं, बरोबर किंवा चूक, पण गोड दिलं असतं. मी ओल्या हातांनीच उलट फोन लावला. ओळखलं रे तुला, एवढंच सांगायचं होतं. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि तुटली. लगेच निरोप आला.

"मीटिंगमध्ये आहे आई, नंतर बोलतो. गुडघ्याची काळजी घे."