रोज पुसावी लागणारी सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. मिटून खिशात जाणारी नव्हे, तर टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकाच पोलादी पट्टीची, सरळ सुरी. मला मिटता येत नाही, आणि खरे सांगायचे तर गप्पही बसता येत नाही. म्हणून आज माझी हकीकत सांगते.

नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसे आणि सामान नेणारी एक मोटारबोट होती. दादा सुकाणू धरायचा आणि त्याची धाकटी बहीण दोर सांभाळायची. धक्क्यावर सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणते. तिच्याकडे आधी एक मिटणारी सुरी होती. ओला दोर कापताना ती एकदा तिच्याच बोटावर मिटली. जखम भरली, पण उजव्या हाताची तर्जनी जी ताठ झाली ती पुन्हा वाकली नाही. हात बरा होताच ताई तडक लोहारकाकांकडे आली आणि म्हणाली, न मिटणारी सुरी हवी, आयुष्यभर टिकणारी.

काकांनी ऐरणीवर पोलादाच्या तीन पट्ट्या मांडल्या. पहिली चकचकीत होती. तिला गंजाची भीती नव्हती, पण तिची धार दोरावर लवकर बोथट व्हायची. दुसरी भलतीच कडक. तिची धार महिनोन्महिने टिकली असती, पण कुठे तिरकी अडकली तर टोक मोडायचे. तिसरी अगदी साधी आणि काळपट होती. चिवट, घरच्या दगडावरही झटकन धार घेणारी. तिची खोड एकच, ओली राहिली की दुसऱ्या दिवशी गंज. ती तिसरी पट्टी म्हणजे मी.

दादाने मला पाहून नाक मुरडले. दिवसभर पाण्यात काम, तिथे ही गंजकी कशाला, असे त्याचे म्हणणे. शिवाय त्याची बहीण पक्की विसरभोळी. कपाळावर चढवलेला चष्मा ती घरभर शोधायची. काकांनी त्याचे शांतपणे ऐकून घेतले आणि ताईकडे वळले.

"रोज संध्याकाळी पुसशील का? तेलाचं एक बोट लावशील?"

"दात घासायला विसरेन काका, पण हिला पुसायला विसरणार नाही."

काका हसले आणि कामाला लागले. मला तापवले, ठोकले, पाणी दिले. तेलात विझवले तरी आमच्यात त्याला पाणी देणेच म्हणतात! मग मंद आचेवर शेकून माझा ताठा थोडा उतरवला. मुठीसाठी त्यांनी ताईला ओल्या मातीचा गोळा घट्ट धरायला लावला आणि तिच्या पकडीबरहुकूम लाकूड कोरले. त्या ताठ बोटासाठी एक वेगळी खाचही ठेवली. दादाने मला सहज हातात घेतले, तर मूठ त्याला टोचली. मी मनातल्या मनात खूश झाले. राहायला मला साधे लाकडी म्यान मिळाले, तळाला पाणी निथळायला भोक असलेले.

पुढची नऊ वर्षे फार सुखाची गेली. दिवसभर दोर कापायचे, आणि संध्याकाळी शेवटची फेरी झाली की ताई धक्क्याच्या पायरीवर बसून मला पुसायची. दादा लांबूनच ओरडायचा, "दात घासलेस का गं?"

एकदा नदीला ओढ होती. दादा बोटीवर दोराचे वेटोळे उचलत होता, तेवढ्यात बोट धक्क्यापासून सुटली. दोराचे दुसरे टोक धक्क्यावरच्या खुंट्याला बांधलेले होते आणि वेटोळ्यात दादाचा पाय होता. दोर ताणला गेला, दादा आडवा पडून बोटीच्या काठाकडे ओढला जाऊ लागला. ताईच्या डाव्या हातात एका प्रवाशाचे मूल होते. तिने उजव्या हाताने मला उपसले आणि एकाच घावात दोर तोडला. मिटणारी सुरी उघडायला तिला दुसरा हात कुठून मिळाला असता? दादा उठून बसला तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मित्रांनो, माझे वाईट दिवस इथूनच सुरू झाले.

"हिनं माझा भाऊ वाचवला," असे ताई ज्याला त्याला सांगू लागली. माझ्यासाठी तिने लाल टाक्यांचे जाड चामड्याचे म्यान शिवून घेतले आणि मला बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवले. आता हिला राबवायचे नाही, असे तिने ठरवले. कामासाठी पुन्हा एक मिटणारी सुरी आणली. सुरुवातीला मी गर्वाने फुगून गेले होते, खोटे कशाला बोलू? पण चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते. पाहुणे यायचे, म्यानाचे कौतुक करायचे आणि चहा पिऊन जायचे. मला बाहेर काढून कुणी पाहिले नाही. दोन पावसाळे मी त्या अंधारात गंजत राहिले. मला फार एकटे वाटायचे.

मग एके दिवशी ती नवी सुरी ताईच्या त्याच ताठ बोटावर मिटली. थोडक्यात निभावले, पण दादा चिडला. तरातरा घरी येऊन त्याने कपाट उघडले, मला ओढले, तर मी म्यानातून निघेचना. दोघे मला घेऊन काकांकडे गेले.

काका आता थकले होते. त्यांनी टाके उसवून मला सोडवले आणि उजेडात धरले. ताईचा चेहरा पडला.

"पुसत होतीस ना?" काकांनी विचारले.

"म्यान पुसत होते, काका. रोज."

काका रागावले नाहीत. खड्डे खोल गेले असतील तर काही उपाय नाही, एवढेच म्हणाले. अर्धा दिवस त्यांनी मला घासले. ताई शेजारी बसून होती, घोटभर पाणीही प्यायली नाही. मी सडपातळ झाले, पण धार वाचली. पाठीजवळ एक काळा खड्डा मात्र राहिला. तो काढायला गेलो तर सुरीच उरणार नाही, असे काका म्हणाले. मग त्यांनी ती चकचकीत पट्टी बाहेर काढली.

"हिची नवी करून देऊ? पुसायची कटकट नाही."

ताईने मला उचलले. पट्टी बांधलेले तिचे बोट त्या जुन्या खाचेत आपसूक जाऊन बसले.

"नको. हीच राहू दे. ते चामडं तेवढं तुमच्याकडे ठेवा."

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर तुमचा जीव असेल तर तिला कपाटात मिरवू नका. तिला हातात घ्या, कामाला लावा आणि काम झाले की पुसून ठेवा. याहून अधिक आम्ही काही मागत नाही.

मी पुन्हा लाकडी म्यानात, ताईच्या कमरेला आहे. संध्याकाळी ती पायरीवर बसते. चष्मा अजूनही कपाळावरच असतो. दादा लांबून विचारतो, "दात घासलेस का गं?" ताई त्या काळ्या खड्ड्यावरून तेलाचे बोट दोनदा फिरवते, मला म्यानात ठेवते, आणि मगच हो म्हणते.