व्हर्लाची हलकी रायफल

बंदुकीच्या दुकानात बाई एकटी शिरली की तिथले पुरुष हातातली कॉफी खाली ठेवतात आणि अक्कल पाजळायला घेतात. व्हर्ला हॅगेनला हे पुरते ठाऊक होते, म्हणून ती दुकान उघडताच आली. पण हॉइट पिकेट तिच्याही आधी येऊन शेगडीजवळ बसला होता. हॉइट कधी काही विकत घेत नसे. दुसऱ्यांनी काय घ्यावे ते सांगायला तो यायचा, आणि त्या कामात त्याचा कधी खाडा नसे.

"कायोटींसाठी रायफल हवी," व्हर्ला म्हणाली. "हलकी. आणि जिथे धरीन तिथे लागणारी."

दुकानाचा मालक गेलन हा तिच्या मुलाच्या वर्गातला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "ओर्लिनची आहे ना घरी? झकास रायफल आहे ती, मॅडम."

"फाटकाच्या खांबाएवढी जड आहे. ती घेऊन टेकडी चढले की वर पोचल्यावर मला आडवं पडावं लागतं. कायोटी हसतील मला."

कोणी हसले नाही. ऑक्टोबरात ओर्लिन गेल्यापासून तिच्या विनोदांना गावात कोणी हसतच नव्हते. नवरा गेल्याचे दुःख तिला होतेच, त्यात ही एक नवी कटकट.

मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, आणि उत्तरेच्या कुरणात कायोटींची, म्हणजे तिकडच्या थोराड कोल्ह्यांची, एक जोडी जवळजवळ रोज एखादे कोकरू उचलत होती. मुलगा कर्टिस कॅस्पर शहरातून फोन करायचा आणि एकच पालुपद लावायचा: आई, तुझ्याच्याने होत नाही, कळप विकून टाक. भांडून भांडून मायलेकांत एक ठरले होते. लोकर कातरून होईपर्यंत ती जोडी मेली तर मेंढ्या राहतील. नाही तर ट्रक येईल, मेंढ्या जातील आणि मागोमाग व्हर्ला कॅस्परला जाईल, कर्टिसच्या गॅरेजवरच्या खोलीत. खोली चांगली होती. खिडकीतून टायरचे दुकान दिसायचे.

"बावीस-अडीचशे बोअरची घे," हॉइट म्हणाला. "चारशे यार्डांवरसुद्धा गोळी रेघ मारल्यासारखी जाते."

"चारशे यार्डांवर कायोटी काय करतोय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी बोलावलेलं असताना तो तिथे कशाला थांबलाय? कुणी अडवलंय त्याला?"

हॉइटने शेगडीत एक लाकूड सरकवले. व्हर्लाने लाकडी पुंगी फुंकली की कायोटी बुटाशी येतो, हे साऱ्या तालुक्याला माहीत होते.

"पण नेम ओर्लिनचा होता," हॉइट म्हणाला.

"होता," व्हर्ला म्हणाली. "म्हणून तर दुकानात आलेय. नेम राहिला असता तर पाय खाऊन घरी बसले नसते?"

"पाय" म्हणजे सफरचंदाचा, भट्टीत भाजलेला, गोड. त्या भागात तो कोणत्याही वेळी खातात.

गेलनने मागून एक सडपातळ रायफल काढून आणली. दोनशे तेवीस बोअरची, बारीक नळीची, दस्ता लाकडाऐवजी प्लास्टिकचा. व्हर्लाने ती खांद्याला लावून पाहिली, एका हाताने पेलून पाहिली, मग काखेत मारून दुकानात एक फेरी मारली. म्हैस घेताना शेपटी ओढून पाहावी तसे तिचे चालले होते.

"खरं सांगायचं तर मॅडम, हलकी रायफल थरथरते," गेलन म्हणाला. "जड असते ती आपल्या वजनानेच गप्प बसते. हिला तुम्ही गप्प बसवायचं. खाली टेकवायला दुबेळक्याच्या काठ्या घ्या. आणि नळी बारीक, तीन-चार गोळ्यांत तापते. मग गोळी भरकटायला लागते."

"मला दोनच लागणार."

"वाऱ्यात ही गोळी वाहवते," हॉइट म्हणाला. "आणि वायोमिंगमध्ये वारा नसतो असा दिवस मी तरी पाहिला नाही."

"हॉइट, तू इथेच बसून असतोस. दिवस कुठून दिसणार?"

दुकानामागच्या खडीच्या खाणीत तिने ती उडवून पाहिली. काठ्यांवर टेकवली, श्वास सोडला आणि कागदी ताटलीत तीन भोके पाडली. एका बिस्किटाखाली तिन्ही झाकली गेली असती. गेलनने ताटली हॉइटला दाखवली. हॉइट म्हणाला, कागद हलत नाही. हे मात्र खरे होते.

कायोटी मारणे हे तिकडे दोघांचे काम. एकजण वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून मरत्या सशाचे रडणे काढतो. दुसरा रायफल घेऊन खालच्या अंगाला दडतो, कारण कायोटी वास घ्यायला वळसा घालून तिकडूनच येतो. त्याचे सगळे लक्ष रडणाऱ्यावर. तो दिसला की बोलावणाऱ्याने हलायचे नाही. नाक खाजवायचे नाही, मान वळवायची नाही, गोळी वाजेपर्यंत दगड होऊन राहायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ओर्लिनने व्हर्लाला सांगितले होते, "तू बोलव. बाकी मी बघतो." संसारात त्याने बरेच शब्द दिले. नवे छप्पर, समुद्र दाखवणे, वगैरे. त्यातला हा एक त्याने पुरा पाळला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता व्हर्ला टेकडीवर पोचली. आडवे पडावे लागले नाही. सेजच्या झुडपांत नेहमीच्या जागी बसली, रायफल मांडीवर घेतली, वारा गालावर तपासला आणि पुंगी फुंकली. ससा मरायला लागला. तिचा ससा फार वाईट मरायचा. ऐकणाऱ्याला वाटावे, जाऊन सोडवावे बिचाऱ्याला.

कायोटी आला. नर होता, चांगला थोराड, हिवाळ्याची लव अजून अंगावर. ओढ्याच्या काठाने वळसा घालून आला आणि तिच्यापासून दगडाच्या टप्प्यावर उभा राहिला. व्हर्ला दगड झाली. असा आडवा उभा राहिलेला कायोटी रोज मिळत नाही. ती मनात म्हणाली, आता. मग म्हणाली, अरे, आता. कायोटीने एक कान वळवला. व्हर्लाला जरा राग येऊ लागला. याला झोप लागली की काय तिकडे? मार ना! कायोटीने तिच्याकडे नीट पाहून घेतले, त्याच्या दृष्टीने विषय संपला, आणि तो चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही.

तेव्हा तिने डावीकडे, ओर्लिन बसायचा तिकडे पाहिले. तिथे झुडपे होती आणि झुडपांखाली उरलेले थोडे बर्फ.

मांडीवरची रायफल इतकी हलकी होती की ती तिथे आहे याचीच आठवण झाली नव्हती. दुकानात सगळे दोष निघाले होते, थरथर, वारा, नळी. हा कोणी काढला नव्हता.

व्हर्ला तिथेच बसून रडली. अंत्ययात्रेत ती रडली नव्हती, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचे बघायचे होते. आता बघायला काही नव्हते. मग नाक पुसून ती खाली उतरली. कुरणात आणखी एक कोकरू गेले होते.

संध्याकाळी कर्टिसचा फोन आला. "कशी आहे रायफल?"

"उत्तम."

"मग? मारलास का?"

"उडवलीच नाही."

"आई, मी ट्रकवाल्याशी बोलून ठेवतो. नुसतं बोलून ठेवतो."

"तू बोल. तुला बोलायला काय लागतं?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी ती पुन्हा टेकडीवर गेली. या वेळी आपल्या जागी बसली नाही. खालच्या अंगाला, ओर्लिन जिथे बसायचा तिथे बसली. त्याच्या बसण्याने तिथली माती खोलगट झाली होती आणि ती तिला मोठी होत होती. काठ्या रोवल्या, रायफल त्यावर टेकवली, दस्ता खांद्याला घट्ट लावला, सुरक्षेचा खटका सोडला. पुंगी दातांत धरली. मग ती परत काढून हातात घेतली.

"ओर्लिन," ती मोठ्याने म्हणाली, "तू मेलायस."

हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. लोक तिला सांगायचे आणि ती मान डोलवायची.

मग तिने ससा मारायला घेतला. नर आला तो कालच्याच वाटेने. काल काही झाले नव्हते, म्हणून आज निर्धास्त होता. थरथर होती. तिने श्वास सोडला, थरथर काठ्यांत उतरू दिली आणि चाप ओढला. नर जागीच बसला आणि कलंडला.

जोडीतला एक पडला की बोलावणे थांबवायचे नसते, दुसरा त्याच आवाजावर येतो. व्हर्लाने पुंगी ओठाला लावली. श्वासच येईना. फुंकर निघाली ती नुसती हवा. तिने पुंगी खिशात टाकली. बोलावल्याशिवाय कोण येणार, आता मादी राहील, कोकरे जातील, ट्रक येईल, असा हिशेब तिच्या मनात सुरू झाला.

तेवढ्यात मादी आली. कोणी न बोलावता, सरळ ओढ्यातून वर. वळसाही घातला नाही. नराजवळ जाऊन तिने त्याचे तोंड हुंगले, मग मानेजवळ हुंगले, पुढच्या पायाने त्याला एकदा ढोसले आणि तिथेच उभी राहिली.

रायफल काठ्यांवर अगदी स्थिर होती. व्हर्लाने मादीला थोडा वेळ दिला. ओर्लिन गेल्यावर लोकांनी तिला दिला होता, साधारण तेवढाच. मग तिने चाप ओढला.