पाच पोशाखांचा सूड

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान म्हणजे दोन माणसं आणि एक मशीन मावेल एवढी खोली. त्यात चाळीस वर्षं त्यांचा संसार आणि धंदा दोन्ही चालले होते. मास्तर कापत आणि शिवत, त्यांची बायको काजं करी, बटणं लावी आणि मशीनची निगा राखी. बॉबिन भरणं हेही तिचंच काम. मास्तरांना एवढ्याशा चकतीवर दोरा गुंडाळत बसायचा भारी कंटाळा.

मास्तरांच्या अंगात एक शक्ती होती. कापड फाटायच्या बेतात आलं, शिवण उसवायला लागली, की त्यांना ते आधी ऐकू येई. समोरचा माणूस खाली वाकला की मास्तर म्हणत, "सावकाश हो, मागची शिवण चाललीय." तो हसे, आणखी वाकला की मग हसत नसे. ही शक्ती कुठून आली ते त्यांना ठाऊक नव्हतं. बायको म्हणायची, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाटक्यात लक्ष घातलंत, दुसरं काय होणार?"

गावात तेव्हा पाच पोरांचा एक संघ होता. सगळी बारा ते सतरा वर्षांची. कुणी उडायचं, कुणी भिंतीतून आरपार जायचं. त्यांची पुढारी सतरा वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत. ती भरलेली बस एका हाताने बाजूला सारायची. सगळ्यांत धाकटी होती टिड्डी. ती नाकतोड्यासारखी जागच्या जागी उडी मारून तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर उतरायची. आग लागो, पूल खचो, ही पोरं हजर. त्यांना अग्निशमन केंद्राच्या वरची खोली मिळाली होती, आणि एक दिवस त्या खोलीच्या दारावर कागद लागला: संघात एक जागा भरणे आहे, अंगी विशेष शक्ती असलेल्यांनी अर्ज करावा.

वयाची अट लिहिली नव्हती. मास्तरांनी ती दोनदा शोधली आणि अर्ज केला.

मुलाखतीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. टेबलामागे पाचही पोरं बसली होती. मास्तरांनी आपली शक्ती सांगितली. मग उडणारा पोरगा म्हणाला, "म्हणजे आजोबा, आम्ही चोराच्या मागे धावायचं, आणि तुम्ही त्याची चड्डी कधी फाटणार ते सांगायचं?"

खोलीत हशा पिकला. ताईने हसू दाबलं, पण टिड्डी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. तीन दिवसांनी चिठ्ठी आली: आपली शक्ती संघाच्या कामी उपयोगी नाही, आपल्याला शुभेच्छा.

"शुभेच्छा म्हणे!" मास्तरांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "ओठावर मिशी नाही अजून, आणि मला शुभेच्छा देतायत."

"पोरं आहेत हो. सोडून द्या."

मास्तरांनी सोडलं नाही. जेवताना, झोपताना त्यांच्या कानात तोच हशा. बारा दिवसांनी ताई स्वतः दुकानात आली आणि काउंटरवर एक गाठोडं ठेवलं. सगळ्यांची उंची वाढली होती, जुने पोशाख आखूड झाले होते. नवे पाच पोशाख हवे होते. रविवारी मैदानावर अख्ख्या गावासमोर त्यांचा खेळ होता. मास्तरांना तिने ओळखलं, जरा अवघडली आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्याइतकं चांगलं शिवणारं दुसरं कुणी नाही, असं सगळे सांगतात."

"खरं सांगतात," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोक्यात तेवढ्यात सगळा बेत शिजून तयार झाला होता.

मशीनच्या टाक्याला दोन दोरे लागतात. एक वरचा, जो दिसतो. एक बॉबिनमधला, खालचा, जो कापडाच्या आतल्या बाजूला जातो आणि कुणी बघत नाही. खिडकीत एक काळं रीळ वर्षभर उन्हात पडून सडलं होतं. त्याचा दोरा नखाने ओढला तरी तुटे. मास्तरांनी मापं घेतली, कापडं कापली, कच्ची शिलाई घालून पोरांच्या अंगावर बसवून पाहिली. तोवर सगळं रीतसर. मग पक्की शिलाई घालायच्या दिवशी, बायको शेजारी गेली असताना, त्यांनी स्वतः बसून त्या सडक्या दोऱ्याची बॉबिन भरली आणि मशीनमध्ये बसवली. जेवून तासभर आडवे झाले. उठले आणि संध्याकाळपर्यंत पाचही पोशाख शिवून काढले. इतकं मन लावून त्यांनी लग्नाचे कपडेही शिवले नव्हते. खेळ ऐन रंगात येईल, पाच जण एकदम पाय फाकवतील, आणि गाव बघेल कुणाची चड्डी कधी फाटते ते!

रविवारी दुपारी पोशाख न्यायला ताईबरोबर टिड्डीही आली. ताई पिशव्या भरत होती. टिड्डीने आपली विजार हातात धरून शिवण न्याहाळली.

"आजोबा, ही उसवणार नाही ना?"

"का गं?" मास्तरांनी कात्रीकडे बघत विचारलं.

"मागच्या वर्षी शाळेत उडी मारली तेव्हा फाटली होती. सगळी शाळा हसली. अजून मला फाटकी म्हणतात." तिने विजार घडी करून छातीशी धरली. "तेव्हापासून मी कामापुरती मारते, लोकांना दाखवायला उडी मारलीच नाही. आज मारणार आहे."

मास्तरांनी विजारीकडे हात पुढे केला. "ती जरा ठेव इथे," ते घाईने म्हणाले, "एक टाका राहिलाय."

"आता नको मास्तर, वेळ नाही," ताई म्हणाली. "पाचला सुरू होतंय."

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण मास्तर नुसते कात्री उघडमीट करत राहिले. पोरी गेल्या.

"अगं, चल," मास्तर बायकोला म्हणाले. "मैदानावर जायचंय."

"तुम्हाला? त्या पोरांचा खेळ बघायला?"

"चल म्हणतो ना!"

मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मास्तर कोपरं मारत पुढे सरकले, पण दोरीपाशी उभ्या असलेल्या पहाऱ्याच्या माणसाने अडवलं. "मला त्यांना भेटायचंय, मी त्यांचा शिंपी आहे," मास्तर म्हणाले. "मी त्यांचा न्हावी आहे," तो म्हणाला, "मागे व्हा."

खेळ सुरू झाला. मास्तरांनी कान टवकारले. आजूबाजूला शेकडो माणसं बसत उठत होती आणि त्यांच्या शिवणी कुरकुरत होत्या. कुणाची काख, कुणाचा खिसा. भिंतीतून जाणारा पोरगा मैदानाच्या भिंतीतून आरपार गेला. उडणाऱ्याने घिरट्या घातल्या. ताईने ट्रक उचलला. त्या पाच पोशाखांतून मास्तरांना हूं की चूं ऐकू येईना. आणि मग टिड्डी मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए फाटकी!"

मास्तरांनी बायकोचं मनगट घट्ट पकडलं.

टिड्डी खाली बसली, गुडघे फाकवले, आणि सुटली. पाण्याच्या टाकीच्या वर गेली, हवेत दोन कोलांट्या मारल्या आणि पाय ताणून खाली उतरली. मास्तरांच्या कानात नुसती शांतता. मैदान टाळ्यांनी दणाणलं आणि ती पोर परत उडाली, परत, परत, थांबायचं नावच घेईना.

"फाटली नाही," मास्तर पुटपुटले. "फाटली कशी नाही?"

"का फाटेल?" बायको म्हणाली. "बरं का, त्या दिवशी तुम्ही झोपला होतात ना, तेव्हा मी तेल घालायला मशीन उघडलं. बॉबिनमध्ये खिडकीतल्या त्या सडक्या रिळाचा दोरा! म्हटलं, आता डोळ्यांनी दिसत नाही बिचाऱ्यांना. टाकून दिली ती आणि नव्या काळ्या दोऱ्याची भरून ठेवली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मग मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"बारा वर्षांच्या पोरीवर सूड?" ती म्हणाली. "लाज नाही वाटली? आता जा आणि त्यांनाही सांगा. मी इथे उभी आहे."

गर्दी पांगल्यावर मास्तर पोरांच्या तंबूत गेले. पोरं पाणी पीत होती, घामाने निथळत होती. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रीळ, बॉबिन, बायको, काही लपवलं नाही. उडणारा पोरगा आपल्या विजारीकडे बघत राहिला.

"मुलाखतीत आम्हीही चुकलोच," ताई शेवटी म्हणाली. "पण आमच्यात सगळं हात वर करून ठरतं. मास्तरांना माफ करायचं आणि पुढचे पोशाखही त्यांच्याकडेच, हे कुणाकुणाला मान्य आहे?"

चार हात वर गेले. टिड्डीचा गेला नाही.

"आधी सॉरी म्हणा," ती म्हणाली. "मला. नीट."

त्रेसष्ट वर्षांचे मास्तर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, म्हणजे डोळे समोरासमोर आले. "चुकलो, पोरी. तू माझ्यावर हसलीस तेव्हा माझं जे झालं, तेच मी तुझं करायला निघालो होतो. माफ कर."

टिड्डी विचारात पडली. "मी जास्तच हसले होते," ती हळूच म्हणाली.

"खुर्चीवरून पडलीस."

"पडले नाही, घसरले!" आणि तिला परत हसू फुटलं. या वेळी मास्तरांनाही फुटलं. तिने हात वर केला, पार खांद्यापासून, ताठ.

"पुन्हा अर्ज करणार का?" ताईने विचारलं.

"नाही बुवा," मास्तर उठत म्हणाले. "दुकानात कामं पडलीयत. तुम्ही वाढताय किती भराभर!" आणि बायको उभी होती तिकडे ते लगबगीने निघाले.