वाडीचा हौद

करवंदांचा आंबटगोड गंध डोंगरावरून उतरत होता, आणि वैशाखातल्या त्या कोवळ्या उन्हात माझ्या थोरल्या जाऊबाई पदर खोचून नळाच्या वाटेने वर निघाल्या होत्या. स्वर त्यांचा सदैव मृदू, पाऊल मात्र निश्चयाचं.

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचा तो उन्हाळा. कडावपलीकडच्या आमच्या गावात डोंगरातल्या झऱ्यापासून हौदापर्यंत नुकतेच भाजक्या मातीचे खापरी नळ घातले होते. पण ऊन तापलं आणि हौद कोरडा पडला. वाटेवरच्या ठाकूरवाडीने, डोंगरातल्या ठाकरांच्या वस्तीने, नळ फोडल्याचं कळलं. पुरुष फिर्यादीचं बोलू लागले. जाऊबाई मला घेऊन वाडीवर गेल्या.

फुटक्या खापरीपाशी पारू नावाची ठाकरीण करवंटीने हंडा भरत होती. आम्हाला पाहून ती उठली, पण मागे सरली नाही.

"पानी आमच्या दारावरनं जातंय बाई, आमाला थेंब नाय. पोरांनी काय प्यायचं?"

जाऊबाईंनी ओंजळ पुढे केली. पारू क्षणभर थबकली, मग तिने करवंटी कलती केली, आणि त्या ते पाणी शांतपणे प्यायल्या.

घरी येऊन त्या भाऊजींना, आपल्या यजमानांना, एवढंच म्हणाल्या, "आधी वाडीला हौद बांधा. पाणी ज्यांच्या दारावरून जातं तेच तहानलेले राहिले, तर नळ टिकायचा कसा?"

भाऊजी गावचे पंच. त्यांनी हसून विषय टाळला आणि नळ सांधून घेतला. हौद काठोकाठ भरला. पण जाऊबाई हंडा घेऊन नदीकडे वळल्या. त्यांच्यामागे मी, मग आळीतली एकेक बाई. भरलेल्या हौदाचं ते अस्पर्श, नितळ पाणी गावाला दिवसेंदिवस जड होत गेलं, आणि अखेर भाऊजींनी वाडीवर दगड-चुना धाडला.

नव्या हौदात पहिली धार कोसळली, तेव्हा साऱ्या वाडीने उसळून आरोळी दिली. भिजल्या हातांनी जाऊबाईंचा हात धरून पारू म्हणाली, "आता नळ आमचाबी हाय. आमी राखू."

आणि त्यांनी तो राखला. सांध्यांत शिरलेल्या झाडांच्या मुळ्या उपसल्या, गुरांच्या खुरांखाली खापऱ्या फुटू नयेत म्हणून वरून काटेरी फांद्या अंथरल्या, चिरा चुन्याने बुजवल्या. त्यानंतर किती वैशाख आले, दोन्ही हौद भरलेलेच राहिले. आणि गर्वाचा लवलेश नसलेल्या जाऊबाईंची मान त्या दिवसांत मात्र ताठ असे.

आज त्या नाहीत. काळ आधी माणसाचा आवाज नेतो, मग चेहरा. परंतु त्या माणसासोबत एकदा मान वर करून चाललेली वाट काळ आपल्याकडून सहसा नेऊ शकत नाही.